लांबच्या गाडीवर नवीन निघालात? मराठवाड्यातल्या ड्रायव्हरांचे नेहमीचे प्रश्न

जालन्याची सळई, लातूरच्या मोंढ्यातली डाळ, वसमतची हळद, वाळूजचे सुटे भाग, साखर, कापसाच्या गाठी. मराठवाड्यातून माल रोज देशभर जातो आणि तो नेणारी बरीच पोरं आपल्याच गावांतली असतात. कुणी आधी ट्रॅक्टर चालवलेला असतो, कुणी कारखान्याची ऊसवाहतूक केलेली असते. गाडी हाकता येते, पण आठ-दहा दिवस त्याच गाडीत राहायचं कसं हे शिकवणारं कुणी नसतं. उस्ताद चांगला मिळाला तर कळतं, नाहीतर अंग झिजवून कळतं. नव्या पोरांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगतो: गाडीवरची झोप, जेवण आणि अंघोळ ही चैन नाही. ते कामच आहे, आणि जो ते नीट करतो तोच या धंद्यात टिकतो.

पहिल्या ट्रिपला घरून काय काय न्यावं?

कमी न्या, पण रोज लागणारं विसरू नका. अंथरायला एक जाड वाकळ, पांघरायला चादर, उशी. दोन लुंग्या, दोन-तीन सुती शर्ट, एक पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, टॉवेल, गमछा. बादली आणि मग. पिण्याच्या पाण्याचा झाकणाचा जार, आणि परसाकडला जायला वेगळा डबा. डोक्याला बांधायची बॅटरी घ्याच. रात्री टायर बघताना किंवा ताडपत्री ओढताना दोन्ही हात मोकळे लागतात. पायात बंद बूट ठेवा. चप्पल घालून क्लच-ब्रेक दाबू नका, ती पॅडलखाली अडकते.

औषधाच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, तापाची गोळी, जखमेचं मलम, पट्टी, कापूस. आधीपासून बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर ट्रिपच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची जास्त घ्या. माल कुठे किती दिवस अडकेल याचा भरवसा नसतो.

केबिनमध्ये नीट झोप लागत नाही. काय करावं?

बहुतेक नवी पोरं सीटवरच मान टाकून झोपतात आणि सकाळी मान आखडली म्हणून तक्रार करतात. सीटमागच्या पाटीवर आडवं होऊनच झोपा. ती पाटी बहुधा सामानाने भरलेली असते: ताडपत्रीचे तुकडे, रश्शा, टॉमी, जुने फिल्टर, कुणाची तरी पिशवी. पहिल्याच दिवशी ती रिकामी करा. अवजारं टूलबॉक्समध्ये, रश्शा बाहेरच्या पेटीत, कपडे एका पिशवीत. पाटीवर फक्त अंथरूण. गादी दबून पातळ झाली असेल तर खाली एक फोमचा तुकडा टाका. बाजारात तो मापाने कापून मिळतो.

दुसरं म्हणजे उजेड. पंपाचा हॅलोजन रात्रभर तोंडावर येतो. काचेला लावायला दाट कापडाचे पडदे शिवून घ्या. दोरीऐवजी वेल्क्रो लावला तर दोन मिनिटांत लागतात आणि निघतात. डास हा तिसरा वैरी. खिडक्यांच्या मापाची मच्छरदाणीची जाळी बसवली की काच खाली ठेवून वाऱ्यात झोपता येतं. बंद केबिनमध्ये मच्छर अगरबत्ती लावून झोपू नका.

गाडी लावताना तोंडाचा भाग किंचित चढावर येईल असं बघा आणि डोकं उंच बाजूला करा. उतारावर पाय वर करून झोपलात तर सकाळी डोकं जड होतं. थांबल्यावर चाकाला ओट, म्हणजे चाक अडवायचा ठोकळा, लावायला विसरू नका.

दिवसात किती तास चालवावं? मालक म्हणतो, लवकर पोहोच.

मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. नव्या श्रमसंहितेतही दिवसाचे आठ तासच धरले आहेत. रस्त्यावर हे कितपत पाळलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आकडा लक्षात ठेवा. तो माणसाच्या शरीराकडे बघून ठरवलेला आहे.

आता घाईचा हिशोब करू. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याची मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मिळते, वरच्या उरलेल्या अंतरालाही पूर्ण दिवस धरतात. जालन्याहून दिल्ली साधारण बाराशे-तेराशे किलोमीटर. म्हणजे सहा-सात दिवसांची मुदत कागदावरच आहे. ती मालाच्या कागदाची मुदत आहे, पोहोचायची बोली वेगळी असते, हे खरं. पण 'बिल संपेल, पळव' असं कुणी म्हणालं तर आधी बिलावरची तारीख वाचा. शिवाय वाटेत गाडी बिघडली किंवा रस्ता बंद पडला तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करा, तो ऑनलाइन वाढवतो.

मालकाशी बोलायचं ते निघण्याआधी. 'रोज इतके किलोमीटर होतील, रात्री एवढे तास थांबणार' असं गाडीला चावी लावण्याआधी सांगून टाका. अर्ध्या रस्त्यात भांडून काही होत नाही. चांगल्या मालकाला हे कळतं, कारण गाडी त्याची असते.

चालवताना डुलकी येते. चहा, तंबाखू, गोळ्या?

पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागतंच, कितीही सवय असली तरी. दुपारी जेवणानंतर दुसरी लाट येते. जांभया सुरू झाल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पट्टा सोडायला लागली, की थांबायची वेळ टळून गेलेली असते. तोंडावर पाणी मारणं, मोठ्याने गाणी लावणं, काच उघडणं यांनी पाच-दहा मिनिटं मिळतात. ती सुरक्षित जागा शोधण्यापुरती वापरा.

खरा उपाय म्हणजे वीस मिनिटं आडवं होणं. थांबल्यावर आधी चहा प्या आणि लगेच पडा. चहाचा परिणाम व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर डुलकी होऊन जाते. अर्ध्या तासाच्या वर झोपलात तर उठताना अंग जड होतं, म्हणून गजर लावा. रात्रीची सलग झोप मात्र याने भरून निघत नाही.

तंबाखू-गुटख्याने झोप जात नाही, तोंड जातं. राजस्थान-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात कुणी डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांची टरफलं, देऊ करेल, 'सगळेच घेतात' म्हणेल. घेऊ नका आणि दुसऱ्याचा जवळ ठेवूही नका. तो अंमली पदार्थांच्या कायद्यात येतो आणि केबिनमध्ये सापडला तर तुम्हीच आत जाल. दारूबद्दल इतकंच: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रात्री उशिरा प्यायलेली सकाळी पोलिसांच्या फुंकायच्या नळीत दिसते.

रात्री गाडी कुठे लावावी?

रस्त्याच्या कडेला कधीच नाही. मागून येणाऱ्याला उभी गाडी चालती वाटते, आणि जाग येते तोवर उशीर झालेला असतो. बंद पडलीच तर चारी इंडिकेटर, मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण, आणि १०३३ ला फोन. हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक आहे, त्यावर क्रेन आणि रुग्णवाहिका दोन्ही सांगता येतात.

मुक्कामाला मोठा पेट्रोल पंप, ट्रक टर्मिनल किंवा गर्दीचा ढाबा बघा. सरकारी तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ड्रायव्हरांसाठी 'अपना घर' नावाची सोय आहे: झोपायला खाट, अंघोळ, संडास, काही ठिकाणी स्वतः स्वयंपाक करायची जागा. तिचं मोबाइल अॅप आहे, आपल्या वाटेवर कुठे आहे ते निघण्याआधी बघून ठेवा. भारत पेट्रोलियमचे 'घर' नावाचे पंपही याच कामाचे.

दिवस मावळायच्या आत जागा धरा. दहानंतर चांगल्या पंपावर जागा उरत नाही, आणि मग माणूस जिथे मिळेल तिथे लावतो. डिझेलच्या टाकीची बाजू उजेडाकडे किंवा भिंतीकडे ठेवा, टाकीला कुलूप आणि जाळी दोन्ही हवं. माल किमती असेल तर मागचा दरवाजा दुसऱ्या गाडीला किंवा भिंतीला चिकटवून लावतात. ताडपत्रीच्या रश्शीच्या गाठी झोपण्याआधी एकदा हाताने चाचपा, सकाळी फरक लगेच कळतो.

रोज ढाब्यावर खाऊन पोट बिघडतं. घरच्यासारखं कसं खायचं?

या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे. नव्या पोरांचं पोट पहिल्याच महिन्यात जातं, आणि पोट गेलं की झोपही जाते.

पहिले दोन-तीन दिवस घरचंच खा. ज्वारीच्या दशम्या दुधात मळलेल्या असल्या की मऊ राहतात. धपाटे दोन दिवस सहज टिकतात, फक्त त्यात कांदा घालायला सांगू नका, लवकर आंबतात. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी कोरडी असते, पंधरा दिवस काही होत नाही. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे केबिनमध्ये कायम असू द्या. भूक लागली की वेफर-बिस्किटाआधी हात तिकडे जाईल.

चौथ्या दिवसापासून येसर. आपल्याकडे लग्नकार्यात आमटीला जे पीठ लावतात तेच. आईला किंवा बायकोला सांगून किलोभर करून घ्या: बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, धने-जिरे-मिरची-खोबऱ्याबरोबर दळलेलं. घट्ट झाकणाच्या बरणीत ते महिनाभर मजेत राहतं. थांबल्यावर पातेल्यात चमचाभर तेल तापवा, मोहरी, ठेचलेला लसूण, लसूण लाल झाला की पाणी. एका वाटीत दोन मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहू देऊ नका. पाणी उकळलं की ते ओता आणि ढवळत राहा. पाचेक मिनिटांत आमटी दाट होते आणि वास सुटतो. शेजारच्या गाडीतला माणूस 'कुठलं गाव?' म्हणून विचारत येतोच. ढाब्यावरून दोन रोट्या आणि एक कांदा घ्या, आमटी आपली. पंजाबात असा की तामिळनाडूत, तोंडाला आपली चव राहते.

ढाब्यावर खाणं आलंच तर तडका मारलेली डाळ आणि ताज्या रोट्या मागा, पनीर-मलईच्या भाज्या टाळा. ज्या ढाब्यावर ट्रकची रांग आहे तिथे जेवण ताजं असतं, कारण ते उरत नाही. दक्षिणेकडे गेलात तर भाताला नावं ठेवू नका. सांबार-भात आणि ताक पोटाला हलकं पडतं. चालवण्याआधी पोटभर जेवू नका, मुक्कामाचं जेवण मोठं ठेवा.

मग गॅस शेगडी गाडीत ठेवायची का?

पाच किलोचा छोटा सिलिंडर आयएसआय शिक्क्याचा आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. बाजारात भरून मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या टाक्या घेऊ नका. केबिनमध्ये शेगडी पेटवायची नाही, पाऊस असला तरी नाही. स्वयंपाक गाडीपासून दूर, वाऱ्याच्या आडोशाला. पंपाच्या आवारात, ज्वलनशील माल भरलेला असताना किंवा कापसाच्या गाठी असताना अजिबात नाही, तेव्हा ढाब्यावर खा. आणि हिवाळ्यात उत्तरेकडे थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद केबिनमध्ये घेऊन झोपणारे असतात. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. जाड रजई घ्या, कानटोपी घाला.

अंघोळ, संडास, कपडे यांचं काय?

पहाटे, पंपावर गर्दी व्हायच्या आधी. डिझेल भरलं की अंघोळीचं पाणी मागायला संकोच करू नका. अंघोळ रोज करा, नुसती हातपाय धुऊन चालवू नका. दिवसभर सीटवर बसून जांघेत घाम साठतो आणि खाज-नायटा तिथेच सुरू होतो. सुती आतले कपडे, रोज बदललेले. कपडे मुक्कामाला धुवायचे आणि केबिनमागे दोरीवर टाकायचे, चालत्या गाडीत लोंबकळते ठेवायचे नाहीत, आरसा झाकला जातो.

लघवी दाबून ठेवू नका, आणि त्या भीतीने पाणी कमीही करू नका. मुतखड्याला बरेच ड्रायव्हर असंच आमंत्रण देतात.

मे महिन्यात केबिन तापून भट्टी होते. एसी नसेल तर?

१ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार झालेल्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. ड्रायव्हरांनी कितीतरी वर्षं मागितलेली ही गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण नव्या पोराच्या हाती सहसा जुनी गाडी येते.

जुन्या गाडीत इंजिनची उष्णता खालून येते. इंजिनवरच्या झाकणाची रबरी पट्टी फाटलेली असेल तर बदला, आणि झाकणावर उष्णतारोधक चादर टाका. छताला आतून थर्मोकोल किंवा फोम लावला तरी फरक पडतो. परभणी-नांदेडच्या उन्हात दुपारी बारा ते चार थांबा आणि ती वाटचाल पहाटे व संध्याकाळी करा. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या-पाऊण तासाने पाणी प्या. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घाम येणं थांबलं, अंग तापलं, बोलणं अडखळू लागलं की तो उष्माघात आहे. माणसाला सावलीत आणा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा आणि १०८ ला फोन करा.

उन्हात टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती सोडू नका. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची असते. गरम टायरमधून सोडली तर गार झाल्यावर ती कमी भरते आणि कमी हवेचा टायरच जास्त तापून फुटतो.

समृद्धीवरून जावं का जुन्या रस्त्याने?

मालक टोल देत असेल तर समृद्धी बरा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू होऊन नागपूरपासून मुंबईपर्यंत पूर्ण झाला. आपल्याकडे जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून तो जातो. गाव नाही, सिग्नल नाही, बैल आडवा येत नाही. आणि तिथेच धोका आहे. सरळ काँक्रीट, एकाच आवाजात इंजिन, डोळे उघडे असून मन झोपतं. दर दोन तासांनी सोयीच्या जागी उतरून गाडीभोवती एक चक्कर मारा, टायरला हात लावून बघा. जड वाहनाला ताशी ८० ची मर्यादा आहे, डावी लेन सोडू नका. पाणी आणि जेवण चढण्याआधीच घ्या.

जुन्या रस्त्यांची वेगळी मजा आहे, सोय जवळ असते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येरमाळा-बीड-संभाजीनगर हा ५२ नंबरचा रस्ता तर आपल्या अंगणातला. मात्र पुढे धुळ्याकडे जाताना कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना न्यायालयाच्या आदेशाने २०२३ मध्ये बंदी झाली, म्हणून वळसा कुठून ते निघण्याआधी विचारून घ्या. तुळजापूर-लातूर-नांदेडमार्गे नागपूरकडे ३६१, आणि हिंगोली-नांदेड-देगलूरवरून हैदराबादकडे १६१.

घाट कुठलाही असो, उतरताना गिअर तोच जो चढताना लागला असता, किंवा त्याहून खालचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. ब्रेक तापून धरेनासा झाला की मग काही हातात राहत नाही.

जालन्याची सळई भरली आहे. काही वेगळी काळजी?

हो. जोरात ब्रेक मारला की सळई पुढे सरकते आणि केबिनची मागची भिंत तिला अडवत नाही. तुमची झोपायची पाटी त्याच भिंतीला लागून आहे. भरतानाच बंडल पुढच्या पत्र्याला टेकवून, चेनने आवळून घ्या आणि वीस-तीस किलोमीटरवर थांबून चेन पुन्हा आवळा. गाडीबाहेर निघालेली सळई चालत नाही, नियमानेही नाही आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवासाठीही नाही. वजनकाट्याची पावती हातात घेतल्याशिवाय निघू नका. जास्त भरलं तर वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. 'मी भरतो' हे मालकाचं बोलणं तपासणी नाक्यावर उपयोगाला येत नाही.

माल खाली करायला दोन-तीन दिवस थांबवून ठेवतात. तोवर काय करायचं?

या धंद्यातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट हीच आहे. पोहोचायची घाई ड्रायव्हरला, आणि गेटवर गेलं की रांगेत उभं. हॉल्टिंगचे, म्हणजे थांबून राहण्याचे, पैसे कितव्या दिवसापासून आणि किती, हे बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर) लिहून घ्या. गेटवर पोहोचल्याची वेळ फोटोसह ट्रान्सपोर्टला पाठवा, म्हणजे नंतर कुणी नाही म्हणत नाही. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, मागितली तर आधी मालकाला फोन, मग पैसे, आणि पावती. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची मागणी रास्त आहे. गाडी चालवून आलेल्या माणसाच्या खिशातून हमाली जाऊ नये.

थांबलेला वेळ झोपेसाठी वापरा. रांग पुढे सरकेल म्हणून सीटवर ताटकळू नका, पुढच्या-मागच्या गाडीवाल्याशी बोलून आळीपाळीने जागं राहा.

खर्चीचा, म्हणजे मालकाने वाटखर्चाला दिलेल्या पैशांचा, हिशोब जुळत नाही. मालक संशय घेतो.

दोनशे पानी वही आणि पेन केबिनमध्ये. डिझेल, युरिया (नव्या गाड्यांत धुरासाठी टाकायचं द्रव), पंक्चर, हमाली, जेवण, जे खर्चाल ते त्याच मिनिटाला तारखेसह लिहायचं, पावती मध्ये ठेवायची. फास्टॅगचा टोल वेगळा कापला जातो, त्यात शिल्लक आहे का ते रोज बघा. पगार, भत्ता आणि खर्ची हे तीन आकडे वेगवेगळे ठरवून घ्या. सगळं एकत्र करून 'ट्रिपचे इतके' म्हणणाऱ्याकडे शेवटी जेवणाच्या पैशावरच कात्री लागते. आणि मग पोर उपाशी गाडी हाकतं.

कागद कोणते लागतात?

लायसन, आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, बिल्टी, बिल, ई-वे बिल. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद कायद्याने चालतात, फोन चार्ज असला म्हणजे झालं. मालवाहतुकीचं लायसन पाच वर्षं चालतं, तारीख स्वतः लक्षात ठेवा.

कंबर धरते, पाय सुजतात.

मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा, त्याने कंबर वाकडी बसते. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. कमरेच्या खोलगट भागात गमछाची गुंडाळी. दर थांब्यावर टाचा उचलून उभं राहा, पोटऱ्या हलवा, दहा मिनिटं चाला. डोळे वर्षातून एकदा तपासा. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वर्तुळं दिसू लागली की लगेच.

बोलायला लाज वाटते, पण घरापासून लांब राहून… काळजी काय घ्यावी?

लाजू नका, हा प्रश्न विचारणारा शहाणा आहे. निरोध नेहमी वापरा. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. तपासणी लवकर झाली तर औषध मोफत सुरू होतं आणि माणूस नीट जगतो. लपवलं तर घरी बायकोपर्यंत जातं.

मी ड्रायव्हरची बायको आहे. दिवसभर फोन लागत नाही, जीव टांगणीला लागतो.

ताई, दोन वेळा ठरवून घ्या: सकाळी निघण्याआधी आणि रात्री गाडी लावल्यावर. मधे फोन करू नका, तो उचलेल आणि तेच धोक्याचं आहे. त्याच्या फोनवरून तुमच्या फोनला लोकेशन चालू करून घ्या, म्हणजे गाडी हलतेय की थांबलीय ते दिसतं. गाडीचा नंबर, मालकाचा आणि ट्रान्सपोर्टचा फोन घरात भिंतीवर लिहून ठेवा. घरचं भांडण, पैशाची अडचण, पोराचा ताप हे रात्रीच्या फोनवर सांगा, सकाळच्या नको. सकाळी ऐकलेलं माणूस दिवसभर स्टिअरिंगवर डोक्यात घेऊन बसतो.

आणि दादांनो, तुम्हीही एकटं वाटतं ते बोलत जा. आठ-आठ दिवस मनातलं कुणाशी न बोललेला माणूस चिडका होतो. देगलूर-बिलोलीकडच्यांना तेलुगू येते, उमरगा-उदगीरकडच्यांना कानडी. इतरांनी पाच-दहा वाक्यं शिकून घ्यावीत, परमुलखात कुणी आपल्या भाषेत बोललं की ढाबेवालाही चार शब्द जास्त बोलतो.

अपघात झाला तर पळावं की थांबावं?

कायदा सांगतो: जखमीला दवाखान्यात पोहोचवा आणि पोलिसांना कळवा. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबता आलं नाही हे तोच कायदा मान्य करतो, पण मग जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत स्वतः हजर व्हा. ११२ ला फोन आधी करा, तो नोंदवला जातो आणि तुम्ही कळवल्याचा पुरावा राहतो. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात, म्हणून 'पैसे कोण भरणार' या भीतीने दवाखाना टाळू नका. अपघात करून न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या ज्या कलमावरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्का जाम केला, ते १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू होताना बाजूला ठेवलं गेलं. पळण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

विमा काढावा का?

आजच. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. ४३६ रुपयांत जीवन ज्योती, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख. वारसाचं नाव बरोबर आहे का ते पासबुक घेऊन बँकेत जाऊन बघा आणि घरी सांगून ठेवा.

घरी किती दिवसांनी येता येतं?

जितक्या दिवसांनी तुम्ही ठरवून घ्याल. कामाला लागतानाच बोला: दोन ट्रिपांनंतर किंवा महिन्यातून चार दिवस घर. पोळा, दिवाळी, घरातलं लग्न हे पंधरा दिवस आधी सांगा, म्हणजे मालक बदली ड्रायव्हर बघतो. खंडेनवमीला गाडी कुठेही असो, तिला हार-नारळ होतोच, पण त्या दिवशी गाडी जालन्यात-लातुरात असेल असं भाडं मागून बघायला हरकत नाही.

परत आल्यावर एक पाळा. गाडी ट्रान्सपोर्ट नगरला लागली की रात्री अकरा-बाराला मोटारसायकल काढून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गावाकडे निघू नका. दिवसभर चालवून डोळे थकलेले असतात आणि आता अंगाभोवती केबिनही नसते. घरी फोन करून 'आलोय, सकाळी येतो' म्हणा, गाडीतच झोपा आणि पहिल्या एसटीने जा.